आधी तबकड्या बघा, मग यंत्र: जुना रेकॉर्ड प्लेअर निवडणं आणि खानदेशात तो सांभाळणं

चोपडा तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय. आजोबांची लोखंडी पेटी उघडली, तर आत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जाड तबकड्यांचा गठ्ठा निघाला, त्यात बरीचशी नाट्यपदं. सोबत सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या एलपी, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या. माजघरात जुना रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत) पडून आहे, त्यात गॅरार्ड कंपनीचा चेंजर, म्हणजे तबकड्या आपोआप बदलणारा प्लेअर आहे. तो फिरतो, पण गाणं रडत वाजतं. मुंबईच्या चोरबाजारातला एक विक्रेता जपानी डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल देतो म्हणतोय, जळगावात एकाकडे एचएमव्हीचा फिएस्टा नावाचा छोटा प्लेअर आहे आणि ऑनलाइन नवे सूटकेस प्लेअर स्वस्तात दिसतायत. यातला कुठला घ्यावा, आणि आपल्याकडच्या उन्हाधुळीत तो टिकेल का, हा त्यांचा प्रश्न.

दादा, प्रश्न यंत्राचा वाटतो, पण मुळात तो पिनचा आहे. तुमच्या पेटीत दोन वेगळ्या जातीच्या तबकड्या आहेत आणि दोघींना एकच पिन चालत नाही. हे आधी नीट समजून घ्या, मग कुठलं यंत्र घ्यायचं हे निम्मं आपोआप ठरतं.

७८ ची तबकडी लाखेची. लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी असं ते मिश्रण. तिची खाच रुंद असते, म्हणून पिनचं टोकही जाड लागतं, साधारण तीन मिल गोलाईचं. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. १९४८ साली अमेरिकेत कोलंबियानं विनाइलची एलपी आणली तेव्हा खाच बारीक झाली. तिथे टोक ०.७ मिलच्या आसपास लागतं, सुरुवातीच्या मोनो एलपींना एक मिल. म्हणजे ७८ ची पिन एलपीच्या पिनच्या चौपट जाड. ती एलपीवर ठेवली तर खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा खरवडत जाते. एकदा वाजवली तरी तबकडी कायमची खराब. उलट एलपीची पिन ७८ वर ठेवली तर ती रुंद खाचेच्या तळाशी लोळते. तिथे सत्तर वर्षांची धूळ आणि झिजेचा भुगा साचलेला असतो, तेवढाच ऐकू येतो. आणि लोक म्हणतात, तबकडीच गेलेली आहे. तबकडी बऱ्याचदा चांगली असते, पिन चुकीची असते.

म्हणून पहिलं काम असं करा. सगळ्या तबकड्या चटईवर उभ्या लावा आणि लेबलं वाचून वेगळ्या काढा. गाण्याच्या काळावरून अंदाज करू नका. परदेशात ७८ बंद पडल्यावरही आपल्याकडे साठच्या दशकात त्या निघत होत्या, त्यामुळे एकाच काळातलं गाणं दोन्ही रूपांत सापडतं. लेबलावर बहुतेक वेळा वेग लिहिलेला असतो, तो वाचा. एलपींमध्ये मोनो आणि स्टिरिओ वेगळ्या करा. एचएमव्हीच्या क्रमांकाआधी ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. हेही महत्त्वाचं आहे, कारण स्टिरिओच्या खाचेत पिनला आडवं तसं वरखालीही हलावं लागतं. जुन्या मोनो कार्ट्रिजची (पिन बसवलेल्या छोट्या डबीची) पिन वरखाली फारशी हलतच नाही, ती स्टिरिओची खाच तासत जाते.

आता सांगा, तुम्ही जास्त काय ऐकणार आहात? याचं उत्तर मी देऊ शकत नाही आणि बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. बालगंधर्वांच्या काळातली नाट्यपदं तुम्हाला ऐकायची असतील तर ७८ चा वेग असलेलं यंत्र हवंच. एलपीच ऐकायच्या असतील आणि ७८ फक्त आठवण म्हणून जपायच्या असतील, तर चोरबाजारातलं टर्नटेबल जास्त सोयीचं. दोन्ही हवं असेल तर दोन यंत्रं ठेवावीत, असं माझं सरळ मत आहे. एक तुमच्या घरात आहेच.

भुसावळमध्ये रेडिओ, रेडिओग्राम दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. रेल्वेच्या वसाहतींमधून, जुन्या वाड्यांमधून, केळीवाल्या शेतकऱ्यांच्या माड्यांवरून ही यंत्रं माझ्याकडे येतात. आणणारा पहिला प्रश्न एकच विचारतो, "भाऊ, हाई चालस का?" बहुतेक वेळा चालतं. पण प्लॅटर (तबकडी ठेवायची थाळी) फिरतो म्हणजे यंत्र बरं आहे असं नसतं. तो योग्य वेगानं, न थरथरता आणि तबकडीला न दुखवता फिरला पाहिजे.

प्लॅटर फिरवायच्या तीन पद्धती असतात. पहिलीत मोटरची पुली एका रबरी चाकाला घासते आणि ते चाक प्लॅटरच्या आतल्या कडेला. याला आयडलर ड्राइव्ह म्हणतात. गॅरार्ड, बीएसआर, जुने ड्युअल असे चालतात. लेन्कोही याच जातीचं, फक्त त्यात चाक प्लॅटरला खालून लागतं. दुसरी बेल्टची. मोटर बाजूला, रबरी बेल्ट प्लॅटर फिरवतो, मोटरची थरथर पिनपर्यंत कमी पोचते. थोरेन्स यासाठी नावाजलेलं. तिसरी डायरेक्ट ड्राइव्ह, त्यात मोटरच प्लॅटरच्या खाली आणि दोघांचा आस एकच. टेक्निक्सचं एसएल-१२०० १९७२ साली आलं आणि त्याची एमके-२ ही क्वार्ट्झ नियंत्रणाची (स्फटिकाच्या मदतीनं वेग पक्का धरणारी) आवृत्ती १९७९ साली. तिन्हींत चांगली यंत्रं आहेत आणि तिन्हींत टाकाऊही. आपल्याकडे निवडताना मी एकच बघतो: यातली कुठली गोष्ट उन्हानं, धुळीनं आणि खालीवर होणाऱ्या व्होल्टेजनं आधी बिघडेल, आणि ती बिघडली तर इथे कोण नीट करेल.

बेल्टचं यंत्र आवाजाला मला आवडतं. पण आपल्या उन्हाळ्यात रबर लवकर म्हातारं होतं. बंद कपाटात काही वर्षं पडलेला बेल्ट एक तर सैल होतो किंवा पुलीला चिकटून काळा चिकटा होऊन बसतो. बेल्ट बदलणं अवघड नाही. दोरा घेऊन पुली आणि आतल्या चाकाभोवतीचा घेर मोजायचा, रुंदी मोजायची, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मागवायचा. मागवताना एक जास्तीचा मागवा आणि तो गार, अंधाऱ्या कपाटात ठेवा. तुमच्या तिन्ही पर्यायांत बेल्टचं मोठं यंत्र नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

सूटकेस प्लेअर घेऊ नका. त्यात स्वस्त सिरॅमिक कार्ट्रिज आणि नीलमण्याची पिन असते, तबकडीवर पिनचं वजन पाच-सहा ग्रॅम पडतं आणि ते कमी-जास्त करायला आर्मच्या (पिन धरणाऱ्या दांड्याच्या) मागे काहीच नसतं. ७८ चं बटण असतं, पण पिन एलपीचीच असते. आजोबांच्या तबकड्या त्यावर वाजवू नयेत असं मला मनापासून वाटतं. फिएस्टा हे छोटं, उचलून नेता येणारं यंत्र. त्याच्यावर लोकांचा जीव आहे आणि ते मी समजू शकतो. मिळालं तर घ्या, दुरुस्त करा, झिजलेल्या ईपी (४५ च्या छोट्या तबकड्या) त्यावर खुशाल वाजवा. पण चांगल्या स्टिरिओ एलपीसाठी ते नाही.

आता घरातला चेंजर. यावर मला सविस्तर बोलायचंय, कारण तुमचं सगळ्यात मोलाचं यंत्र तेच आहे. १६, ३३, ४५ आणि ७८ असे चार वेग असतील आणि आर्मच्या डोक्याशी छोटी कळ असेल, तर त्यात उलटणारं कार्ट्रिज आहे. एका बाजूला ७८ ची पिन, दुसऱ्या बाजूला एलपीची. तुमच्या नाट्यपदांसाठी हे जागेवर तयार आहे.

पण आधी एक इशारा. रेडिओग्राम कित्येक वर्षं बंद होता आणि तुम्ही तो थेट प्लगला लावून बघितलात असं दिसतं. पुन्हा तसं करू नका. आतले जुने कंडेन्सर सुकलेले किंवा गळके असतात, वायरचं रबर तडकून उघडं पडलेलं असतं. कुठलाही जुना मेकॅनिक आधी सिरीज बोर्ड लावतो, म्हणजे सेटच्या मार्गात १०० वॅटचा पिवळा बल्ब जोडतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायचं, लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटमध्ये अडीचशे व्होल्टच्या वर डीसी असतो आणि बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये काही वेळ राहतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही सेटमध्ये तर लोखंडी चासीवरच (सांगाड्यावर) वीज येते. अ‍ॅम्प्लिफायरचा भाग तुम्ही स्वतः उघडू नका, व्हॉल्व्हवर काम केलेल्या माणसाकडे न्या. चेंजरचा यांत्रिक भाग मात्र प्लग काढून घरी करता येतो.

गाणं रडतं याचं कारण बहुधा मोटर नसतं, वाळलेलं वंगण असतं. वरची रबरी चटई काढा. मध्ये दांडीभोवती एक बारीक क्लिप दिसेल. ती स्क्रू ड्रायव्हरनं सरकवताना वर फडकं धरा, नाहीतर ती उडून माजघराच्या कोपऱ्यात जाते आणि सापडत नाही. मग प्लॅटर दोन्ही हातांनी सरळ वर उचला. खाली मोटरच्या दांडीवर पायऱ्यांची पुली दिसेल. सगळ्यात जाड पायरी ७८ ची, सगळ्यात बारीक १६ ची. वेगाची कळ फिरवली की रबरी चाक वर-खाली सरकून त्या त्या पायरीला लागतं. चाकाची कड बोटानं बघा. ती गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर घसरतेय. चाकाच्या मधल्या बुशमध्ये (दांडी बसते त्या नळीत) आणि कळीच्या दांड्यांवर तपकिरी, वाळलेल्या काकवीसारखा थर असेल. ते कारखान्यात लावलेलं ग्रीस. तेच सगळं अडवून धरतं.

चाक काढा, बुश आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापूस-काडी घालून तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत पुसा. रबराच्या कडेवरून अल्कोहोलचं फडकं फिरवा, मग बारीक पॉलिश पेपर, ६०० नंबरचा, कडेला हलका लावून चाक फिरवत चकाकी घालवा. जागा-जागी घासू नका, खड्डा पडेल. रबराला पेट्रोल किंवा थिनर लावू नका, ते फुगतं. बुशमध्ये हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब, मोटरच्या वरच्या आणि खालच्या बुशला एकेक-दोनदोन थेंब. शिलाई मशीनचं शुद्ध तेल चालतं. रबरी चाकाच्या कडेवर, पुलीवर किंवा प्लॅटरच्या आतल्या कडेवर तेलाचा अंशही राहू नये. प्लॅटरच्या तळाशी गोळ्यांचं बेअरिंग असेल तर त्यातलं जुनं ग्रीस काढून नवं पांढरं लिथियम ग्रीस अगदी पातळ लावा.

खोबरेल तेल घालू नका. हे मुद्दाम लिहितोय, कारण माझ्याकडे आलेल्या कितीतरी यंत्रांत ते सापडतं. घरात हाताशी असतं, म्हणून लोक दोन थेंब टाकतात. आपल्याकडे पौषात ते बाटलीत गोठतं, तसंच बुशमध्येही गोठतं, आणि काही वर्षांनी त्याचा डिंक होतो. गंज सोडवायचे स्प्रेही बेअरिंगमध्ये मारू नका. ते होतं नव्हतं तेल धुऊन टाकतात आणि स्वतः उडून जातात.

काम झाल्यावर एक सवय लावून घ्या. गाणं संपलं की कळ पूर्ण बंदवर आणा. तसं केलं की रबरी चाक पुलीपासून सुटतं. प्लग ओढून यंत्र बंद करायची काही घरांत पद्धत असते. त्यात चाक पुलीला दाबलेलंच राहतं, रबराला खाच पडते आणि मग दर फेऱ्याला धप्प असा आवाज येतो. आणि चेंजरवर एकावर एक तबकड्या रचू नका. ती सोय तेव्हा कौतुकाची होती, पण लाखेची तबकडी दुसरीवर आपटून कडेला टवका उडतो. एक ठेवा, वाजवा, काढा. आर्म मध्येच अडकला तर हातानं ओढू नका, आतला दातेरी गियर मोडतो. प्लॅटर हातानं पुढे फिरवा, चक्र पूर्ण होऊ द्या. मोटर ज्या रबरी गोट्यांवर टांगलेली असते तेही बघून घ्या. ते कडक झाले असतील तर मोटरची घरघर थेट पिनमध्ये येते.

एवढं करूनही संध्याकाळी वेग कमी वाटला तर व्होल्टेज तपासा. चेंजरच्या या मोटरी इंडक्शन जातीच्या असतात. व्होल्टेज पडलं, त्यात आतलं घर्षण जास्त असलं, की त्या मागे पडतात. तुमच्या भागात पंप एकदम सुरू झाले की दिवे मिणमिणतात, तेव्हा गाण्याचा सूरही उतरतो. रेडिओग्रामला चांगला स्टॅबिलायझर लावा. वेग मोजायला स्ट्रोबची छापील चकती वापरा. वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्यावरच्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ३३⅓ साठी १८० रेघांची, ४५ साठी १३३ आणि ७८ साठी ७७ रेघांची चकती लागते. इंटरनेटवरच्या बऱ्याच चकत्या अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या असतात, त्यांत ३३ साठी २१६ रेघा असतात. त्या इथे खोटं सांगतात. दिवा निऑनचा किंवा जुना पिवळा बल्ब घ्या, बहुतेक एलईडी बल्बखाली रेघा नीट थांबत नाहीत. आणि पिन तबकडीवर टेकलेली असताना बघा, मोकळ्या प्लॅटरचा वेग उपयोगाचा नाही.

चोरबाजारातल्या यंत्राकडे येतो. मॉडेल तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे पक्कं मत देत नाही. पण गावाकडच्या व्होल्टेजसाठी क्वार्ट्झवालं डायरेक्ट ड्राइव्ह मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. मोटरला आतून नियंत्रित डीसी मिळतो, बाहेर थोडं खालीवर झालं तरी वेग हलत नाही. रबराचं काहीच नाही. कमकुवत बाजू एकच, आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. दर दहा अंश जास्त उष्णतेला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. चाळीस-पन्नास वर्षांचं यंत्र असेल तर कंडेन्सर बदलायचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा. बहुतेक जुन्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात, हेही लक्षात असू द्या. एसएल-१२०० एमके-२ वरही ७८ नाही.

सगळ्यात आधी मागची पट्टी वाचा. जपानमधल्या घरगुती विक्रीचं यंत्र १०० व्होल्टचं असतं. ते आपल्या २३० ला लावलं तर ट्रान्सफॉर्मर जळतो. त्याला वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. बेल्टवालं एसी मोटरचं यंत्र असेल आणि त्याची पुली ६० हर्ट्झची असेल, तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ३३ ऐवजी जेमतेम २८ फेरे मिळतील. त्याला पुलीच बदलावी लागते. डायरेक्ट ड्राइव्हला हा हर्ट्झचा त्रास नाही.

जाताना एक फार मोलाची नसलेली एलपी आणि दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग घेऊन जा. प्लॅटर हातानं फिरवा आणि कान लावा, खरखर आली तर बेअरिंग गेलंय. प्लॅटरची कड धरून हलवा, डगमग नको. आर्मचं मागचं वजन जुळवून तो हवेत तोला आणि हलकेच फुंकर मारा. तो आडवा सहज सरकला पाहिजे, कुठे अडला तर पिव्हट (आर्म ज्यावर वळतो तो सांधा) बिघडलाय. वेगाची स्लाइडर पट्टी सरकवताना वेग उड्या मारत असेल तर आत कार्बन झालाय, तो बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरनं सुटतो. हेडशेलच्या (आर्मच्या पुढच्या, कार्ट्रिज बसवायच्या डोक्याच्या) मागचे चार बारीक खिळे काळे पडले असतील तर एक बाजू बंद वाजते, ते पुसलं की सुरू होते. एवढ्यावरून यंत्राला नावं ठेवू नका, भाव करताना मात्र सांगा. झाकण, लाकडी पाया, चकाकी यांच्यावर भुलू नका. आर्म आणि बेअरिंग यांतच सगळं आहे.

घेतलंत तर आणताना प्लॅटर काढून वेगळा गुंडाळा, मागचं वजन काढा, आर्म त्याच्या टेकूला मऊ दोऱ्यानं बांधा. गाडीत मांडीवर किंवा सीटखाली आडवं ठेवा, पार्सलला टाकू नका. जळगावला उतरून पुढे चोपड्याला एसटीनं जाणार असाल तर मागच्या सीटवर बसू नका.

जुन्या यंत्रासोबत आलेली पिन कितीही बरी दिसली तरी नवी घ्या. हिऱ्याची पिन साधारण ५०० ते १००० तास टिकते, नीलमण्याची जेमतेम काही डझन तास, आणि आधीच्या मालकानं किती वाजवलं हे कुणालाच माहीत नसतं. डायरेक्ट ड्राइव्हवर मूव्हिंग मॅग्नेट (पिनसोबत बारीक चुंबक हलणारं) कार्ट्रिज लावा. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका मी सुचवतो, कारण तिच्यात पिनचा भाग ओढून काढता येतो आणि त्याच अंगावर ७८ ची वेगळी पिनही बसते. पुढे कधी ७८ च्या वेगाचं चांगलं टर्नटेबल घेतलंत तर कार्ट्रिज बदलावं लागणार नाही, फक्त पिन आणि वजन. व्हीएम९५ई ला दोन ग्रॅम वजन लागतं. वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्याच.

गाणं अडकतंय म्हणून आर्मवर नाणं ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. दादा, तसं कृपा करून करू नका. वजन जास्त झालं की खाच झिजते, कमी झालं की पिन खाचेत उडते आणि तीही खाच फोडते. अडकण्याचं कारण बहुतेक वेळा पिनवर साचलेला लोकरीसारखा कचरा, वाकडं ठेवलेलं यंत्र किंवा अडलेला पिव्हट असतं. मऊ ब्रशनं पिन मागून पुढे, म्हणजे तबकडी जशी जाते त्याच दिशेनं पुसा. यंत्र पाणसळीनं समतल करा. लाकडी माडी असेल तर ते भिंतीत बसवलेल्या फळीवर ठेवा, चालण्याचे हादरे पोचत नाहीत. स्पीकर त्याच फळीवर नको.

मूव्हिंग मॅग्नेटचा आवाज थेट होम थिएटरच्या ऑक्समध्ये (बाहेरचं यंत्र जोडायच्या जागी) दिला तर चिरका आणि क्षीण येतो. कार्ट्रिजमधून येतात जेमतेम तीन-चार मिलिव्होल्ट, आणि तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो. तो परत वाढवायला फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. छोटी डबी असते, वेगळी मिळते. रेडिओग्रामच्या सिरॅमिक कार्ट्रिजला ती लागत नाही, त्याचा आवाज मुळातच मोठा असतो. घूं असा आवाज आला तर टर्नटेबलची बारीक अर्थची वायर प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला जोडली का ते बघा.

आता ऊन आणि धूळ. साठ अंशांच्या आसपास विनाइल मऊ पडू लागतं. सावलीत ४५ असताना पत्र्याच्या खोलीत छताजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत तेवढं सहज होतं. एलपी घराच्या सगळ्यात गार खोलीत, खालच्या कप्प्यात ठेवा. उभ्या, अगदी सरळ, कललेल्या नको आणि एकावर एक रचलेल्या तर मुळीच नको. लाखेच्या तबकड्याही उभ्याच. त्या वाकण्यापेक्षा फुटण्याची भीती जास्त, दोन्ही हातांनी उचला. घर धाब्याचं असेल तर वरून माती झिरपत राहते, कपाटाला दार हवंच. आसपास जिनिंग असेल तर कापसाचे तंतू हंगामभर हवेत असतात, ते थेट पिनभोवती गुंडाळतात.

कूलरबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. उन्हाळ्यात आपण सगळेच डेझर्ट कूलर लावतो आणि ज्या खोलीत बसायचं तिथेच रेकॉर्ड प्लेअर असतो. कूलरच्या झोतात पाण्याचे बारीक थेंब असतात आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते तबकडीवर सुकले की पांढरे ठिपके उरतात. कपाट झोतापासून लांब, दुसऱ्या भिंतीला ठेवा. कूलर-पावसाळ्याच्या दमटपणात जुन्या कागदी पाकिटांना बुरशी धरते, ती पाकिटं बदला. आतलं पाकीट साध्या पॉलिथिनचं असावं. जाड, चमकदार, नरम प्लॅस्टिकचं नको, त्यातलं रसायन विनाइलला चिकटून डाग पाडतं. मात्र आजोबांनी ज्या पाकिटावर नाव-तारीख लिहिलीय ते टाकू नका, वेगळं जपून ठेवा.

धुताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ७८ च्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, सुतार पॉलिश त्यातच करतात. एका पुसण्यात खाच जाते. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणा, लिटरला सौम्य लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवा, साध्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवा आणि लगेच सुती मऊ कापडानं टिपा. भिजत ठेवू नका. एलपीला याच पाण्यात चौथा हिस्सा आयसोप्रोपिल चालतो. दोन्हींत लेबल कोरडं ठेवा. नळाचं पाणी नको, कारण तेच, क्षार. धुतलेली तबकडी उन्हात नाही, पंख्याखाली, उभी वाळवा.

म्हणजे माझा सल्ला असा: ७८ साठी घरचा गॅरार्ड जागता करा, एलपीसाठी चोरबाजारचं यंत्र वरच्या तपासण्यांत उतरलं तर घ्या. ते उतरलं नाही आणि एकाच यंत्रात सगळं हवं असेल, तर ७८ चा वेग असलेलं लेन्को किंवा ड्युअल शोधा. सापडेपर्यंत थांबायची तयारी नसेल तर नवं ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२० बघा. ते जुनं नाही, पण डायरेक्ट ड्राइव्ह आहे आणि तिन्ही वेग आहेत.

तोवर त्या चेंजरवर नाट्यपदं लावू नका. आधी तीन फोटो पाठवा: चेंजरच्या पत्र्यावरचा मॉडेल क्रमांक, आर्मच्या डोक्याखालच्या कार्ट्रिजवर कोरलेली अक्षरं, आणि चोरबाजारच्या यंत्राच्या मागची व्होल्टेजची पट्टी. कार्ट्रिजचा फोटो बाजूनं घ्या, पिन मोकळी दिसली पाहिजे. त्यावरून कुठली पिन मागवायची आणि कळ कुठल्या बाजूला उलटली की ७८ लागते, ते नेमकं सांगतो.